जेंटूवर ओपनसीव्ही टाकताना निम्मा डेस्कटॉप ओढला जातोय: डिपेंडन्सींचे बिल्ड पर्याय नेमके कुठे लिहायचे?

अक्कलकोटरोड
नमस्कार मंडळी. टेरी टॉवेलच्या एका युनिटमध्ये सहा मागांवर कापड तपासणीचे कॅमेरे बसवायचे आहेत. प्रत्येक कॅमेऱ्यामागे पंखा नसलेला छोटा संगणक, म्हणजे पेटी, आहे: सेलेरॉन जे१९००, ४ जीबी रॅम, ३२ जीबी एसएसडी. काम एवढंच की यूएसबी कॅमेऱ्यातून चित्र घ्यायचं, साठवलेल्या नमुना चित्राशी ताडायचं, ताणा (उभा धागा) तुटला असेल किंवा पाइल (टॉवेलवरचे धाग्यांचे फासे) उडाली असेल तर जेपेग डिस्कवर टाकायचं आणि भोंगा वाजवायचा. पडदा नाही, कीबोर्ड नाही. प्रोग्रॅम सी प्लस प्लसमध्ये, ओपनसीव्ही या चित्रप्रक्रियेच्या लायब्ररीवर. सगळीकडे जेंटू आहे, म्हणजे पॅकेजं सोर्समधून बांधणारं लिनक्स. ऑफिसात १६ थ्रेडचं, १६ जीबी रॅमचं एक मशीन आहे, पण सध्या प्रत्येक पेटीवर वेगळं कंपाइल चालतं.

अडचणी अशा:

ओपनसीव्ही मागितलं की क्यूटी, जीटीके (पडद्यावर खिडक्या दाखवणाऱ्या लायब्रऱ्या), कप्स (छपाई), एलएलव्हीएम (कंपायलर) अशी लांबलचक यादी येते. आज्ञेच्या आधी यूज="-क्यूटी६ -जीटीके३" लिहिलं तेव्हा यादी आखूड झाली, पण पुढच्या अपडेटला सगळं परत आलं. म्हणून मेक.कॉन्फ या सामाईक सेटिंग फाइलीत यूज="-*" टाकलं, तर आता भलतीच पॅकेजं अडून बसली आहेत.

कंपाइल मध्येच मरतं. संदेशात "किल्ड" आणि सीसी१प्लस (सी प्लस प्लसचा कंपायलर) असे शब्द दिसतात.

सगळ्यात वाईट म्हणजे तिसऱ्या पेटीवर प्रोग्रॅम बिनतक्रार चालू होतो, पण नमुना चित्र रिकामं वाचलं जातं. बाकी पाच पेट्यांवर तोच प्रोग्रॅम नीट चालतो.

पर्याय कुठे लिहावेत, कोणत्या पॅकेजाने काय मागितलं हे कसं ओळखावं आणि सहाही पेट्या एकसारख्या कशा ठेवाव्यात?


कंबरतलाव
आधी एक सूचना. इथल्या नियमाप्रमाणे आज्ञा आणि फायलींची नावं देवनागरीत लिहितोय. टर्मिनलवर नेहमीच्या रोमन अक्षरांतच टाइप करा.

पहिल्यांदा ही आज्ञा चालवून बघा: ईसिलेक्ट प्रोफाइल शो. उत्तरात "डेस्कटॉप" हा शब्द आला तर निम्मं कारण तिथंच सापडलं. प्रोफाइल म्हणजे जेंटूच्या मूळ सेटिंगांचा संच. डेस्कटॉप प्रोफाइल एक्स, जीटीके, क्यूटी, कप्स असे कितीतरी फ्लॅग (पॅकेजातली एखादी सोय चालू-बंद करणारे यूज पर्याय) सगळ्या पॅकेजांसाठी आपोआप चालू करतं. ज्याला पडदाच नाही त्या पेटीला साधं प्रोफाइल हवं, म्हणजे एएमडी६४ च्या २३.० मालिकेतलं, नावापुढे डेस्कटॉप नसलेलं. एकेक फ्लॅग वजा करत बसण्यापेक्षा हे आधी करा.

आता फ्लॅग परत का आले ते. पोर्टेज (जेंटूचं पॅकेज बसवणारं साधन) एखाद्या पॅकेजाचे फ्लॅग ठरवताना अनेक ठिकाणी बघतं आणि त्या ठिकाणांना मानाची उतरंड आहे. सगळ्यात वर एन्व्हायर्नमेंट, म्हणजे तुम्ही आज्ञेआधी लिहिलेलं यूज. त्याखाली पॅकेज.यूज, त्याखाली मेक.कॉन्फ, त्याखाली प्रोफाइल, आणि त्याच्याही खाली ईबिल्ड (पॅकेज कसं बांधायचं ते सांगणारी फाइल) लिहिणाऱ्याने स्वतः चालू ठेवलेले फ्लॅग. आज्ञेआधी लिहिलेलं यूज सगळ्यांवर मात करतं खरं, पण ते फक्त त्या एका आज्ञेपुरतं. कुठेच नोंदलं जात नाही. पुढच्या अपडेटला पोर्टेजने पुन्हा खालच्या फायली वाचल्या आणि तुमचं जुनं प्रोफाइल जिंकलं. कायमचा निर्णय आज्ञेत लिहायचाच नाही.

"-*" का नडलं तेही याच उतरंडीत आहे. मेक.कॉन्फमधलं "-*" आपल्याखालचं सगळं पुसतं: प्रोफाइलचे फ्लॅग आणि ईबिल्डमधले मुळातले चालू फ्लॅगसुद्धा. त्या मुळातल्या फ्लॅगांपैकी बरेच असे असतात की ते नसले तर पॅकेज बांधलं जातं पण अर्धवट, किंवा त्याची "रिक्वायर्ड यूज" अट मोडते आणि पोर्टेज बांधायलाच नकार देतं. "या दोघांपैकी किमान एक हवा", "हा असेल तर तोही हवा", "या दोघांतला एकच चालेल" अशा अटी त्यात असतात. सगळं शून्यावर आणलं की पहिल्या प्रकारच्या अटी पटापट मोडतात. ती ओळ आजच काढा.

मेक.कॉन्फमधलं यूज शक्यतो मोकळं ठेवा. पूर्ण यंत्राचा स्वभाव सांगणारे दोन-चार फ्लॅग तिथे चालतात, उदाहरणार्थ "-एक्स -कप्स". बाकीचं सगळं पॅकेजनिहाय, पॅकेज.यूज या फोल्डरात. हो, फोल्डर करा, एकच लांब फाइल नको. "टॉवेल-कॅमेरा" नावाची फाइल आणि तिच्यात असं:

# पेट्यांना पडदा नाही. नमुना चित्र जेपेगमध्ये. कॅमेरा यूएसबी, थेट व्ही४एल.
मीडिया-लिब्ज/ओपनसीव्ही जेपेग पीएनजी व्ही४एल -क्यूटी६ -जीटीके३ -एफएफएमपेग -जीस्ट्रीमर -पायथन

वरची कॉमेंटची ओळ गाळू नका. फ्लॅग काय आहे हे फाइल सांगते. तो का आहे हे फक्त तुम्ही सांगू शकता. वर्षभराने कोणी "-जीस्ट्रीमर" बघितलं आणि कारण दिसलं नाही, तर तो एकतर घाबरून हात लावणार नाही किंवा बिनधास्त काढून टाकेल. दोन्ही नुकसानीचंच.

जीस्ट्रीमर बंद ठेवायचं कारण सांगतो, कारण हे फारसं कोणी लिहीत नाही. व्हिडिओकॅप्चरला (कॅमेरा उघडणारा भाग) नुसता ० क्रमांक दिला तर ओपनसीव्ही आपल्यात बांधलेले बॅकएंड (कॅमेऱ्यातून चित्र घ्यायचे मार्ग) ठरलेल्या क्रमाने आजमावतं, आणि त्या क्रमात जीस्ट्रीमर व्ही४एलच्या (लिनक्सच्या थेट कॅमेरा इंटरफेसच्या) आधी येतं. कॅमेरा उघडतो, चित्रही येतं, पण एक्स्पोजर बदलायची विनंती मुकाट्याने वाया जाते. मागाजवळच्या ट्यूबलाइटखाली एक्स्पोजर हातात नसेल तर चित्रात पट्टे येतात आणि दोष सगळे सॉफ्टवेअरच्या माथी बसतात. फ्लॅग बंद केला तरी प्रोग्रॅममध्ये बॅकएंड स्पष्ट सांगाच: कॅप_व्ही४एल२.

तिसऱ्या पेटीचा रोगही बहुतेक याच जातीचा आहे. तिथलं ओपनसीव्ही जेपेग फ्लॅगशिवाय बांधलं गेलं असणार. आयएमरीडला (चित्र वाचणारं फंक्शन) फॉरमॅट वाचता आला नाही तर ते एक्सेप्शन फेकत नाही, रिकामं मॅट (चित्र ठेवायची रचना) परत देतं. आयएमराइट मात्र ओरडतं: या एक्स्टेंशनसाठी लिहिणारा सापडला नाही म्हणून. तुमची पेटी नमुना वाचतानाच फसली, त्यामुळे लिहिण्यापर्यंत गाडी गेलीच नसेल. प्रोग्रॅममध्ये आयएमरीडनंतर "रिकामं आहे का" हे तपासून थांबणं बंधनकारक करा. असाच तिसरा प्रकार आयएमशोचा (पडद्यावर चित्र दाखवणारं फंक्शन). जीटीके, क्यूटी दोन्ही नसताना आयएमशो कंपाइल होतं, लिंक होतं आणि चालवल्यावर "हे फंक्शन उपलब्ध नाही, जीटीकेसह पुन्हा बांधा" अशा अर्थाचा एरर देऊन पडतं. डीबगसाठी टाकलेली आयएमशोची एक ओळ कोडमध्ये राहिली तरी पेटी बंद पडेल.

कोणत्या पेटीवर काय बांधलंय हे अंदाजाने ठरवू नका. पोर्टेज प्रत्येक बसवलेल्या पॅकेजाचे फ्लॅग /व्हार/डीबी/पीकेजी खाली, त्या पॅकेजाच्या फोल्डरात "यूज" नावाच्या फाइलीत लिहून ठेवतं. सगळ्यांची एकत्र यादी हवी तर पोर्टेज-युटिल्स बसवून क्यूलिस्ट -आययू चालवा, सहा पेट्यांच्या सहा फायली करा आणि डिफ मारा, म्हणजे फायलींतला फरक काढा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि तिसरी पेटी कुठे वेगळी आहे ते डोळ्यांना दिसेल.

आता "कोणी काय मागितलं". कुठलीही गोष्ट बांधायच्या आधी पोर्टेजची इमर्ज ही आज्ञा नुसती आजमावून बघा:

इमर्ज --प्रिटेंड --व्हर्बोज --ट्री मीडिया-लिब्ज/ओपनसीव्ही

ट्रीमुळे कोण कोणाच्या पोटात आहे ते कळतं. प्रत्येक ओळीत फ्लॅग दिसतात. वजा चिन्ह नसलेला चालू, वजा असलेला बंद. शेवटी तारा असेल तर बसवलेल्या प्रतीपेक्षा हा फ्लॅग बदललाय. टक्का असेल तर हा फ्लॅग ईबिल्डमध्ये नव्याने आलाय किंवा काढला गेलाय. गोल कंसात असेल तर तो प्रोफाइलने सक्तीने चालू किंवा बंद ठेवलाय, तुमच्या फाइलीने हलणार नाही. या चार खुणा वाचता आल्या की निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

एक पॅकेज दुसऱ्याकडे नुसतं नावाने बोट दाखवत नाही, "अमुक फ्लॅग चालू असलेलं तमुक पॅकेज" असंही मागू शकतं. ईबिल्डमध्ये ते चौकोनी कंसात असतं. तुम्ही खालच्या पॅकेजाचा फ्लॅग बंद केला आणि वरच्याने तो मागितला, की पोर्टेज थांबतं आणि पुढे जायला कोणते यूज बदल हवेत ते छापतं. तो आदेश समजून लगेच मान्य करू नका. त्याखालची "रिक्वायर्ड बाय" साखळी शेवटपर्यंत वाचा. बऱ्याचदा साखळीच्या टोकाला तुम्हाला नकोच असलेलं पॅकेज असतं, आणि खरा उपाय ते वरचं पॅकेज किंवा त्याचा एक फ्लॅग काढणं हा असतो.

प्रोफाइल बदलून झालं की क्रम असा: आधी इमर्ज --अपडेट --डीप --न्यूयूज @वर्ल्ड, मग इमर्ज --प्रिटेंड --डेपक्लीन (कोणालाच न लागणारी पॅकेजं काढणारी आज्ञा, आधी नुसती आजमावून), यादी नीट वाचून मगच खरं डेपक्लीन. उलट केलं तर जुन्या फ्लॅगांनी बांधलेली पॅकेजं ज्या लायब्रऱ्यांना चिकटलेली आहेत त्या अजून "हव्यात" असंच पोर्टेजला वाटत राहतं आणि काहीच साफ होत नाही. शेवटी इमर्ज @प्रिझर्व्ह्ड-रिबिल्ड.


सातरस्ता
कंबरतलाव यांनी फ्लॅगांचं सविस्तर सांगितलंच आहे. मी कुठे बांधायचं तेवढं सांगतो, कारण सहा पेट्या एकसारख्या ठेवायचं उत्तर तिथं आहे.

पेट्यांवर कंपाइल करणं बंद करा. जे१९०० ला ओपनसीव्ही बांधता येतं, पण सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, चाळीसच्या वर पारा असताना, टॉवेलच्या शेडमध्ये, जिथे हवेत सतत रुई उडत असते आणि पंखा नसलेल्या पेटीच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पात्यांवर तिचा थर बसतो, तिथे चारही कोर तासन्‌तास पूर्ण भाराने चालवणं योग्य नाही. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग उतरवतो आणि त्याच वेळी कॅमेऱ्याची फ्रेम सुटते.

ऑफिसच्या मशीनवर एक वेगळं क्रूट करा, म्हणजे एका फोल्डरात स्वतंत्र सिस्टिम, समजा /एसआरव्ही/टॉवेल. त्यात स्टेज३ (जेंटूची तयार मूळ प्रत) उलगडा, पेटीचंच साधं प्रोफाइल लावा, आणि /ईटीसी/पोर्टेज हे पूर्ण फोल्डर गिटमध्ये (फायलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) ठेवा. तोच गिट सहाही पेट्यांवर ओढायचा. पर्यायांची मूळ जागा ही एकच. पेटीवर जाऊन हाताने बदललेला फ्लॅग धरायचाच नाही. ऑफिसच्या मशीनचं स्वतःचं /ईटीसी/पोर्टेज यात मिसळू नका. तिथे डेस्कटॉप आहे, त्याचे फ्लॅग वेगळेच असणार.

मेक.कॉन्फमध्ये फीचर्स="बिल्डपीकेजी". बांधलेलं प्रत्येक पॅकेज /व्हार/कॅश/बिनपीकेजीज मध्ये बायनरी म्हणून साठतं. ते फोल्डर कोणत्याही साध्या वेब सर्व्हरने युनिटच्या आतल्या नेटवर्कवर उघडा. पेट्यांवर बिनरेपोज.कॉन्फमध्ये त्याचा पत्ता द्या आणि अपडेटची आज्ञा --गेटबिनपीकेजीओन्ली आणि --बिनपीकेजी-रिस्पेक्ट-यूज=वाय ने चालवा. दोन्ही महत्त्वाचे आहेत. नुसतं गेटबिनपीकेजी लिहिलं आणि फ्लॅग जुळले नाहीत, तर पेटी गुपचूप स्वतः कंपाइल करायला बसते. नुसतं ओन्ली असेल तर फ्लॅग न जुळणारं बायनरीही बसतं. दोन्ही असले तर ती अडते, आणि अडली म्हणजे कुठेतरी फ्लॅग जुळत नाहीत हे लगेच कळतं. पोर्टेजचं ईबिल्डचं झाडही (सगळ्या ईबिल्डांचा संग्रह) पेट्यांनी बाहेरून सिंक करू नये, ऑफिसच्या मशीनवरूनच आरसिंकने घ्यावं, म्हणजे आवृत्त्या सरकत नाहीत.

जेंटूने २९ डिसेंबर २०२३ ला स्वतःच्या बायनरी पॅकेजांची घोषणा केली, तीही वापरता येतात. पण फ्लॅग जुळले तरच. जीसीसीसारखी जड आणि सर्वसाधारण फ्लॅगांची पॅकेजं तिथून घ्या, ओपनसीव्ही स्वतः बांधा.

इथे बहुतेक जण एका जागी हमखास अडखळतात. ऑफिसच्या मेक.कॉन्फमध्ये कंपायलरसाठी -मार्च=नेटिव्ह असतं. नेटिव्ह म्हणजे "ज्या प्रोसेसरवर आत्ता बांधतोय तो". त्या मशीनला एव्हीएक्स२ (प्रोसेसरच्या जलद गणिताच्या सूचना) आहे, जे१९०० ला एव्हीएक्सच नाही. पॅकेज बसेल आणि प्रोग्रॅम चालू करताच "इलीगल इन्स्ट्रक्शन" म्हणून मरेल. क्रूटमध्ये -मार्च=सिल्व्हरमाँट लिहा. पुढे दुसऱ्या जातीच्या पेट्या येणार असतील तर -मार्च=एक्स८६-६४-व्ही२; त्यात एसएसई४.२ पर्यंतचं सगळं येतं आणि जे१९०० त्यात बसतो. एवढ्यावर थांबू नका. सीपीयू_फ्लॅग्ज_एक्स८६ ही ओळ वेगळी असते आणि ती कंपायलरला नाही, पॅकेजांना सांगते. सीपीयूआयडी२सीपीयूफ्लॅग्ज हा प्रोग्रॅम पेटीवर चालवा आणि त्याचं उत्तर क्रूटमध्ये चिकटवा. मार्च बदललं आणि ही ओळ तशीच राहिली, तर हाताने लिहिलेला एव्हीएक्सचा कोड आत शिरतोच.

सीसी१प्लस मरण्याचं कारण रॅम. हिशेब सोपा: एका कंपाइल जॉबला साधारण २ जीबी धरा. ४ जीबीच्या पेटीवर -जे४ म्हणजे ८ जीबीची मागणी; कर्नलने मेमरी संपली म्हणून कंपायलर मारला. ऑफिसच्या १६ जीबीवर मेकऑप्ट्स="-जे८", थ्रेड १६ असले तरी. /व्हार/टीएमपी/पोर्टेज टीएमपीएफएसवर (रॅममधल्या फोल्डरात) ठेवलं असेल तर तेही त्याच रॅममधून जातं, मग -जे५ किंवा -जे६ वर या. आणि इमर्जचं --जॉब्ज वेगळं असतं: --जॉब्ज=२ आणि -जे८ एकत्र म्हणजे सोळा कंपायलर. एखादंच पॅकेज जड असेल तर सगळ्यांचा वेग कमी करू नका. /ईटीसी/पोर्टेज/एन्व्ह मध्ये "चार-जॉब" नावाची फाइल, आत मेकऑप्ट्स="-जे४", आणि पॅकेज.एन्व्ह मध्ये "मीडिया-लिब्ज/ओपनसीव्ही चार-जॉब" ही ओळ.

लाइट जाण्याचं गणितही धरा. कंपाइल चालू असताना लाइट गेली तर सिस्टिम बिघडत नाही, कारण पोर्टेज सगळं बाजूच्या फोल्डरात बांधतं आणि पूर्ण झाल्यावरच जागेवर हलवतं. वेळ मात्र जातो. इमर्ज --रिझ्यूम यादी पुढे चालू करतं, पण अर्धवट राहिलेलं पॅकेज पहिल्यापासून बांधतं. म्हणून फीचर्समध्ये सीकॅश जोडा. तेच फ्लॅग असतील तर आधी झालेल्या फायली कॅशमधून झटक्यात निघतात. धोका असतो तो फायली जागेवर हलवतानाच्या छोट्या वेळात, तेवढ्यासाठी ऑफिसच्या मशीनला आणि पेट्यांना यूपीएस हवाच.


अक्कलकोटरोड
दोघांचेही मनापासून आभार. प्रोफाइल डेस्कटॉपच निघालं. तिसऱ्या पेटीच्या यूज फाइलीत खरंच जेपेग नव्हतं. क्रूट उभं केलं, "-*" काढलं, यादी चांगलीच आखूड झाली.

दोन नव्या गोष्टी. ऑफिसात एका पेटीला पडदा लावून मालकांना चित्र दाखवायचं आहे, म्हणून वेगळ्या क्रूटमध्ये जीटीके३ चालू केलं, तर फ्रीटाइप आणि हार्फबझ एकमेकांची वाट बघत अडकले. सर्क्युलर डिपेंडन्सी असं म्हणतंय. दुसरं म्हणजे --ऑटोअनमास्क-राइट (पोर्टेजला हवे असलेले बदल त्यानेच फाइलीत लिहायचा पर्याय) वापरल्यावर पॅकेज.यूज मध्ये आवृत्ती क्रमांकांसकट बऱ्याच ओळी आल्या. त्या राहू द्यायच्या का?


कंबरतलाव
फ्रीटाइपला अक्षरं नीट बसवायला हार्फबझ हवं असतं आणि हार्फबझला फॉन्ट वाचायला फ्रीटाइप. दोन्ही कोरे असताना कोणापासून सुरू करायचं हे पोर्टेजला ठरवता येत नाही. इथे आज्ञेआधीचं यूज योग्य आहे, कारण बदल मुद्दामच तात्पुरता आहे:

यूज="-हार्फबझ" इमर्ज --वनशॉट मीडिया-लिब्ज/फ्रीटाइप

मग नेहमीची जीटीकेची आज्ञा --चेंज्ड-यूज सह. पोर्टेजला फ्रीटाइपचा फ्लॅग फाइलीतल्यापेक्षा वेगळा दिसतो आणि हार्फबझ झाल्यावर ते फ्रीटाइप पुन्हा पूर्ण बांधतं. वनशॉट विसरू नका, नाहीतर फ्रीटाइप वर्ल्ड फाइलीत (तुम्ही स्वतः मागितलेल्या पॅकेजांची यादी) जातं आणि डेपक्लीनला कधीच निघत नाही. पॅकेज.यूज मध्ये "-हार्फबझ" लिहून ठेवायचं नाही, ते तिथेच कायम राहतं.

न्यूयूज आणि चेंज्ड-यूज यांत फरक एवढाच. न्यूयूज ईबिल्डच्या यादीत एखादा फ्लॅग नुसता वाढला किंवा कमी झाला तरी पुन्हा बांधतं, तुम्ही तो वापरत असा वा नसा. चेंज्ड-यूज तुमच्यापुरतं काही बदललं तरच बांधतं. रोजच्या अपडेटला चेंज्ड-यूज पुरतं. प्रोफाइल बदलल्यावर न्यूयूज.

ऑटोअनमास्कच्या ओळी तशाच ठेवू नका. ते पॅकेज.यूज फोल्डरातल्या वर्णक्रमाने शेवटच्या फाइलीत लिहितं, म्हणून "झेडझेड-ऑटोअनमास्क" नावाची रिकामी फाइल करून ठेवा, म्हणजे तुमच्या हाताने लिहिलेल्या फायलींत भेसळ होत नाही. डिस्पॅच-कॉन्फने बदल मान्य करताना "रिक्वायर्ड बाय" ची कॉमेंट वाचा, पटली तर आवृत्ती काढून ती ओळ कारणासकट स्वतःच्या फाइलीत हलवा आणि झेडझेड पुन्हा रिकामी करा. झेडझेड फुगत चालली म्हणजे तुमच्यासाठी निर्णय दुसरं कोणीतरी घेतंय. जुन्या, निरुपयोगी झालेल्या ओळी शोधायला ईआयएक्स बसवून ईआयएक्स-टेस्ट-ऑब्सोलीट चालवा.

पडद्याच्या पेटीसाठी क्रूट वेगळं केलंत ते बरोबरच केलं. जीटीके आणि क्यूटी मात्र ओपनसीव्हीत एकाच वेळी चालू ठेवता येत नाहीत, दोघांतलं एकच निवडायचं.


जुळेसोलापूर
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. ज्या पेटीचं एकच काम आहे आणि जिथे एकाच लायब्ररीचे पर्याय बदलायचे आहेत, तिथे पूर्ण सिस्टिम सोर्समधून बांधायची गरज नाही. खाली डेबियन (तयार पॅकेजांचं लिनक्स) ठेवा आणि फक्त ओपनसीव्ही हाताने सीमेकने (बिल्डची मांडणी करणारं साधन) बांधा. डेबियनच्या तयार पॅकेजांचे पर्याय पॅकेज करणाऱ्याने ठरवलेले असतात, त्यामुळे व्हिडिओआयओसोबत एफएफएमपेग आणि जीस्ट्रीमर येतातच. म्हणून तेवढं एक आपलं.

पर्याय असे द्या:

बिल्ड_लिस्ट=कोअर,आयएमजीप्रोक,आयएमजीकोडेक्स,व्हिडिओआयओ
विथ_व्ही४एल=ऑन, विथ_जेपेग=ऑन, विथ_जीटीके=ऑफ, विथ_क्यूटी=ऑफ, विथ_एफएफएमपेग=ऑफ, विथ_जीस्ट्रीमर=ऑफ, विथ_ओपनसीएल=ऑफ
बिल्ड_टेस्ट्स=ऑफ, बिल्ड_पर्फ_टेस्ट्स=ऑफ
सीपीयू_बेसलाइन=एसएसई४_२
एनेबल_कॉन्फिग_व्हेरिफिकेशन=ऑन
सीमेक_इन्स्टॉल_प्रीफिक्स=/ऑप्ट/ओपनसीव्ही-टॉवेल

यातला एनेबल_कॉन्फिग_व्हेरिफिकेशन सगळ्यात मोलाचा. एरवी तुम्ही विथ_काहीतरी=ऑन म्हटलं आणि त्या लायब्ररीच्या हेडर फायली मशीनवर नसल्या, तर सीमेक ती गोष्ट गुपचूप सोडून देतं आणि बिल्ड यशस्वी म्हणतं. हा पर्याय चालू असला की मागितलेलं आणि मिळालेलं जुळलं नाही तर तिथेच थांबतं.

विथचे "ऑफ" सुद्धा एकेक करून लिहायचे. कारण उलटंही घडतं: मशीनवर जे सापडेल ते आपोआप जोडलं जातं. जेंटूची मंडळी याला ऑटोमॅजिक डिपेंडन्सी म्हणतात. आज तुमच्या मशीनवर जीस्ट्रीमरच्या फायली होत्या म्हणून तो जोडला गेला, उद्या कोणी त्या काढल्या, आणि परवा प्रोग्रॅम लायब्ररी सापडत नाही म्हणून बंद. ज्याचा निर्णय लिहिलेला नाही, त्याचा निर्णय त्या दिवशीची डिस्क घेते.

बेसलाइन कमी ठेवल्याने वेग फार जाईल अशी भीती नको. मूळ ओपनसीव्हीत सीपीयू_डिस्पॅच असतं: जड फंक्शन्स एव्हीएक्स२ साठीही वेगळी बांधून ठेवतात आणि चालू होताना प्रोसेसर बघून निवडतात. जे१९०० वर एसएसई४.२ ची प्रत चालेल, नव्या मशीनवर एव्हीएक्स२ ची.

सीमेकची एक सवय लक्षात ठेवा. एकदा दिलेला पर्याय सीमेककॅश.टीएक्सटी मध्ये राहतो. पुढच्या वेळी आज्ञेतून तो गाळला म्हणजे बंद झाला असं नाही, जुनाच लागू असतो. पर्याय बदलताना बिल्डचं फोल्डर पुसा, किंवा सीमेक ३.२४ किंवा त्यानंतरचं असेल तर --फ्रेश द्या. आणि डेबियनचं स्वतःचं लिबओपनसीव्ही आधी काढा. दोन्ही असतील तर हेडर एकाचं आणि लायब्ररी दुसऱ्याची अशी गाठ बसते. एलडीडीने (प्रोग्रॅम कोणत्या लायब्रऱ्या घेतो ते दाखवणारी आज्ञा) प्रोग्रॅम तपासा, प्रत्येक ओपनसीव्हीची ओळ /ऑप्ट कडेच गेली पाहिजे. "नॉट फाउंड" आलं तर एलडी.एसओ.कॉन्फ.डी मध्ये /ऑप्टचा मार्ग घालून एलडीकॉन्फिग चालवा.


सातरस्ता
एका लायब्ररीपुरतं हे पटतं. तुम्ही नव्याने सुरुवात करत असता तर मीही कदाचित हेच सुचवलं असतं. पण पडद्याची पेटी आली, उद्या टेसरॅक्ट (चित्रातली अक्षरं वाचणारी लायब्ररी) किंवा एखादा कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आला, आणि दोन-तीन लायब्रऱ्यांचे पर्याय एकमेकांत गुंतले की हाताने क्रम सांभाळणं जड जातं. जेंटूचं क्रूट आता उभं आहे तर तेच ठेवा.

मार्ग कुठलाही असो, एक तपासणी दोन्हीकडे सारखीच लागेल. सीव्ही::गेटबिल्डइन्फर्मेशन हे फंक्शन ओपनसीव्ही कशासह बांधलंय ते सगळं मजकुरात देतं: जेपेग, व्ही४एल, जीयूआय, सीपीयू बेसलाइन. ते छापणारा पाच ओळींचा प्रोग्रॅम लिहा. पहिल्या, नीट चालणाऱ्या पेटीचा मजकूर गिटमध्ये ठेवा. प्रत्येक अपडेटनंतर पेटीने आपला मजकूर त्याच्याशी डिफ करावा, आणि वेळ-तारखेची ओळ सोडून एकही फरक निघाला तर तपासणीचा प्रोग्रॅम चालूच करू नये, भोंगा वाजवावा. त्याआधी नमुना चित्र एकदा वाचून त्याची रुंदी आणि उंची बरोबर आहे का तेही बघावं.


अक्कलकोटरोड
भोंग्याची कल्पना लगेच घेतली, कारण शेडमध्ये स्क्रीन बघायला कोणीच नसतं. गेटबिल्डइन्फर्मेशनच्या डिफमध्ये कर्नलचा आवृत्ती क्रमांकही फरक म्हणून येतोय, "होस्ट" च्या ओळीत. तीही वगळली. आता सहाही पेट्यांचा मजकूर जुळतोय.